मुलीला शिक्षिका करायचे आहे ना? मग तयारी आजच सुरू करा!

रविवारची सकाळ होती. विहारात वंदना आटोपून आम्ही चपला घालत होतो, तोच एक मुलगी जवळ आली. "जयभीम काका, थोडं बोलायचंय," म्हणाली. मागे तिची आई पदराने डोळे पुसत उभी. वडील कंत्राटी सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली, घरातली पहिली पदवीधर. तिने बी.एड.ची सी.ई.टी. दिली, गुण चांगले पडले, गुणवत्ता यादीत नाव आले. घरात पेढे वाटले गेले. आणि प्रवेश पक्का करायच्या दिवशी खिडकीपलीकडून प्रश्न आला, "कॅस्ट व्हॅलिडिटी कुठे आहे?"

व्हॅलिडिटी नव्हती. अर्ज उशिरा केलेला, प्रकरण समितीकडे अडकलेले. मुदत संपली आणि तिचे नाव अनुसूचित जातीच्या यादीतून निघून खुल्या वर्गात गेले. खुल्या वर्गाला पदवीला ५० टक्के गुण लागतात. पोरीला होते ४८. म्हणजे ती प्रवेशालाच अपात्र ठरली! परीक्षेत पास झालेली पोर एका कागदावर नापास झाली.

तिची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, हे आधी कुणीच का सांगितलं नाही?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आपल्या वस्तीत पदवीधर आहेत, नोकरदार आहेत, आम्हीही कार्यालयात रोज कागदच हाताळतो. तरीही कुणी सांगितले नाही, हे खरे. त्या माउलीच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर म्हणून हा लेख. घरात बारावीच्या पुढे शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर हे पान कापून जपून ठेवा.

शिक्षकाचा वारसा आपलाच

शिक्षकी पेशा आपल्याला परका नाही. महात्मा फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण जाणतोच. पण एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले शिक्षक होते. लष्कराच्या नॉर्मल स्कूलमधून त्यांनी शिक्षकाची पदविका मिळवली आणि पुढे लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून वर्षानुवर्षे काम केले. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला तो अशा शिक्षकाच्या घरात. स्वतः बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. वर्गात फळ्यासमोर उभे राहणारा आपला माणूस पुढच्या बाकावरच्या आपल्या लेकरांना किती बळ देतो, हे सांगायला नको. म्हणूनच ही जागा आपल्या मुलांनी सोडता कामा नये.

पदवी कोणती आणि गुण किती?

बी.एड. हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम. त्याचे नियम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एन.सी.टी.ई., ठरवते. सध्याच्या नियमांचा पाया २०१४ सालचा आहे. पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण हवेत. आपल्या राज्यात मागासवर्गीय उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्के आहे. अभियांत्रिकीच्या पदवीधरांना खुल्या वर्गात ५५ टक्के लागतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, ४५ म्हणजे पुरते ४५. ४४.९० चे ४५ धरतील, अशा भरवशावर राहू नका. दुसरी, बी.ए.ला गुण कमी पडले तर सारे संपले असे नाही. नियमात 'पदवी किंवा पदव्युत्तर पदवी' असे आहे. एम.ए.ला चांगले गुण मिळवून पुन्हा दार ठोठावता येते.

विषयांचा विचार तर त्याहून आधी करावा लागतो. बी.एड.ला अध्यापनाचे विषय घ्यायचे असतात आणि ते पदवीच्या विषयांशी जुळावे लागतात. मराठी, इंग्रजी, हिंदी, इतिहास, भूगोल, गणित, विज्ञान हे शाळेत शिकवले जाणारे विषय. पदवीला यांपैकी काहीच नसेल, तर बी.एड. होऊनही शाळेत जागा शोधताना अडचण येते. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे पदवीधर, म्हणून हे अनुभवाने सांगतो. बी.कॉम.ला बी.एड.चा प्रवेश मिळतो. पण नववी-दहावीला वाणिज्य हा विषय नसतो. तो अकरावी-बारावीला असतो आणि तिथे शिकवायला एम.कॉम. व बी.एड. दोन्ही लागतात. तेव्हा आपली मुलगी बी.कॉम. करत असेल आणि तिला शिक्षिका व्हायचे असेल, तर पुढे एम.कॉम.चीही तयारी ठेवा. हे दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

सी.ई.टी.ची परीक्षा

महाराष्ट्रात बी.एड.चा प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सी.ई.टी.तून होतो. परीक्षा संगणकावर असते. १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटे. बौद्धिक क्षमतेचे ४० प्रश्न, सामान्य ज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३०, अशी वाटणी राहिली आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. इंग्रजी माध्यमात शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी इंग्रजी भाषेची वेगळी चाचणी असते.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांनाही ही परीक्षा देता येते. २०२५ साली ती मार्च महिन्यात झाली आणि अर्ज त्याआधी काही महिने सुटले होते. आपल्याकडे मात्र निकाल लागल्यावर जून-जुलैत चौकशी सुरू होते. तोवर गाडी निघून गेलेली असते! पदवीच्या शेवटच्या वर्षी दिवाळी झाली, की दर आठवड्याला सी.ई.टी. कक्षाच्या संकेतस्थळावर नजर टाकायची, हा नियमच करा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. नियम दरसाल थोडेफार बदलतात. शेजारच्या ताईने दोन वर्षांपूर्वी काय केले, त्यावर विसंबू नका.

परीक्षेनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या होतात. त्यासाठी पुन्हा वेगळी नोंदणी आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. सी.ई.टी. दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे समजून घरी बसलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

दाखल्यातले दोन शब्द

आता मूळ दुखण्याकडे येऊ. त्या मुलीचे प्रकरण का अडकले? आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'महार' लिहिलेले होते आणि वडिलांच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध'.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी शाळेत मुलांचे नाव घालताना मोठ्या अभिमानाने 'बौद्ध' असे लिहून घेतले. तो अभिमान आपण सोडायचा नाही. परंतु अनुसूचित जातींची यादी जातींच्या नावांची आहे. १९९० साली संसदेने कायदा केला आणि त्या यादीतील जातींमधून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्याही सवलती लागू झाल्या. या सवलतीसाठी दाखल्यात दोन्ही गोष्टी दिसाव्या लागतात: आपण बौद्ध आहोत, आणि आपले पूर्वज यादीतील अमुक जातीचे होते. नुसत्या 'बौद्ध' शब्दावर समिती पुरावा मागते. त्यात कमीपणा काही नाही. ज्या अन्यायाची भरपाई म्हणून ही सवलत आहे, त्या अन्यायाचा तो पुरावा आहे. फॉर्म भरताना तो बिनदिक्कत द्या.

जात पडताळणीचा कायदा २००० सालचा आहे, क्रमांक २३ ऑफ २००१. जिल्ह्याजिल्ह्यात पडताळणी समित्या आहेत. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुटुंबाचे वास्तव्य महाराष्ट्रात होते, हे दाखवावे लागते. म्हणून वडिलांच्या दाखल्यावर भागत नाही. आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा यांचे कागद शोधावे लागतात. शाळेचा जुना दाखला किंवा प्रवेश निर्गम उतारा, गावच्या जन्म-मृत्यू नोंदीची म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल, जुने जमिनीचे किंवा वतनाचे उतारे, यांपैकी जे मिळेल ते गोळा करा. आजोबा शाळेत गेले नसतील, तर तसे सांगून दुसरा कागद द्यायचा. मुंबई-पुण्यात आपण कितीही वर्षे राहिलो, तरी हे कागद बहुधा मूळ गावच्या तालुक्यातच सापडतात. तेव्हा यंदा गावी जाल, तेव्हा तहसील कार्यालयात एक चक्कर माराच.

घरात वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कुणाची व्हॅलिडिटी आधीच निघाली असेल, तर ती वंशावळीसह जोडा. तो मोठाच पुरावा ठरतो. काका-पुतण्यांत भाऊबंदकी असेल, तर ती मुलांच्या कागदांपुरती तरी बाजूला ठेवा. आणि वेळ कोणती? पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आतच, महाविद्यालयाच्या कार्यालयातून लागणारे पत्र घेऊन अर्ज दाखल करा. कधी अर्जाच्या पावतीवर शासन मुदत देते, कधी देत नाही. पोरीचे आयुष्य त्या मुदतीवर टांगू नका.

याखेरीज दहावी, बारावी व पदवीच्या सर्व गुणपत्रिका, शाळा-महाविद्यालय सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. साऱ्या कागदांवर नावाचे अक्षर न अक्षर जुळते का, ते आधीच बघा.

पैशाअभावी थांबू नका

खासगी महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्याहून जास्त मागण्याचा अधिकार कुणालाही नाही. 'डोनेशन' घेणे तर १९८७ सालच्या कायद्यानेच गुन्हा आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्याहून उत्पन्न जास्त असेल, तरी राज्याच्या योजनेतून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची सवलत आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी करावा लागतो.

मात्र तीन गोष्टी सांभाळा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळत नाही. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या. शिष्यवृत्तीतील केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यात महाविद्यालयाची फीही असते. ती घरखर्चाला वापरली, तर पुढे निकाल व दाखला मागताना कटकट होते. आणि शहरात राहायची सोय नसेल, तर शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथे जागा न मिळाल्यास भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयात करा.

दोन वर्षे आणि हजेरी

जुन्या माणसांच्या डोक्यात बी.एड. म्हणजे एका वर्षाचा कोर्स. तो २०१५-१६ पासून दोन वर्षांचा झाला आहे आणि प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण करावा लागतो.

वर्षाला किमान २०० दिवस काम, आठवड्याला किमान ३६ तास. वर्गातील तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी हवी, तर शाळेतील आंतरवासितेला ९० टक्के. हिशेब करू. २०० दिवसांचे ८० टक्के म्हणजे १६० दिवस. साऱ्या वर्षात गैरहजेरीला उरले ४० दिवस. आंतरवासिता पहिल्या वर्षी ४ आठवडे आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे, एकूण २० आठवडे. त्या १६ आठवड्यांत सहा दिवसांचा आठवडा धरला, तर ९६ दिवस होतात. रजेला मिळाले जेमतेम नऊ. सूक्ष्मपाठ, सरावपाठ, पाठ टाचण, शैक्षणिक साहित्य यांचे काम घरी आल्यावरही असते.

हे आम्ही घाबरवायला सांगत नाही. घरच्यांनी समजून घ्यावे म्हणून सांगतो. "कॉलेजच आहे ना, एक दिवस नाही गेलीस तर काय झालं?" असे म्हणून पाहुणे आले की पोरीला घरी ठेवायचे, भावजय बाळंत झाली की महिनाभर घरात राबवायचे, ही आपली सवय. बी.एड.ला ती परवडत नाही. लग्न ठरले असेल तर तारीख परीक्षा आणि आंतरवासिता पाहून धरा. सासरच्या मंडळींनाही हात जोडून सांगणे आहे: सून शिकत असेल तर तिच्या तीन वर्षांच्या मुदतीचा हिशेब तुम्हीही ठेवा. मुदत गेली तर गेलेली वर्षे आणि केलेला खर्च दोन्ही वाया जातात.

एजंटांपासून सावध राहा

हजेरीची ही अट ऐकली, की वस्तीत एक माणूस हमखास उगवतो. "दुसऱ्या राज्यातलं कॉलेज आहे. जायला नको, फक्त परीक्षेला बसायचं. एवढे एवढे पैसे भरा, डिग्री घरपोच." आमच्या माहितीतील एका कामगार बांधवाने बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवून असे पैसे भरले. नोकरीच्या वेळी कागद तपासायला गेले, तेव्हा पितळ उघडे पडले. मान्यता आणि हजेरी दोन्ही तपासल्या जातात, हे विसरू नका. पैसे भरण्याआधी तीनच प्रश्न विचारा. एन.सी.टी.ई.ची मान्यता आहे का? विद्यापीठाची संलग्नता आहे का? सी.ई.टी. कक्षाच्या प्रवेश यादीत नाव आहे का? एकाही प्रश्नाला उत्तर गोलमाल आले, तर उठून या.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणचे दूरस्थ बी.एड. वेगळे. ते मुख्यतः सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीसाठी ती पळवाट नाही.

बी.एड. झाल्यावर पुढे काय?

बी.एड. ही शेवटची पायरी नव्हे. पहिली ते आठवीच्या शिक्षकाला टी.ई.टी. उत्तीर्ण व्हावे लागते. परीक्षा १५० गुणांची. खुल्या वर्गाला ६० टक्के, आपल्याला ५५ टक्के. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही, त्यासाठी डी.एल.एड., म्हणजे आपण ज्याला डी.एड. म्हणत होतो तोच मार्ग. तेव्हा लहान मुलांना शिकवायची हौस असेल, तर बारावीनंतरच डी.एल.एड.चा विचार करा. सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टी.ई.टी. आवश्यक असल्याचे न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी सांगितले. तेव्हा या परीक्षेला बगल देता येणार नाही.

त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. ती २०१७, २०२३ आणि २०२५ साली झाली. म्हणजे दरवर्षी होईलच असे नाही. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून निवड होते. सुरुवातीची तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये केले गेले.

बारावीत असलेल्या मुलांसाठी आणखी एक वाट उघडली आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी आणि बी.एड. एकत्र असा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला. त्याची प्रवेश परीक्षा देशपातळीवर होते. धोरणाचा रोख त्याच दिशेने आहे, म्हणून बारावीच्या पालकांनी याचीही माहिती काढावी.

विहारात एक कपाट ठेवा

शेवटी एक सूचना. आपल्या विहारांत वर्षावासात प्रवचने होतात, जयंतीला मिरवणूक निघते. त्याबरोबर प्रत्येक विहारात एक कपाट असावे आणि त्यात वस्तीतील प्रत्येक कुटुंबाच्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स प्रती, ज्याच्या त्याच्या नावाच्या फायलीत. पौर्णिमेच्या दिवशी दोन पदवीधरांनी तासभर बसावे आणि फॉर्म भरायला मदत करावी. आमच्या वस्तीत आम्ही हे सुरू केले आहे. खर्च किती आला? एक कपाट आणि फायली.

त्या मुलीचे काय झाले? तिचे मामा आणि आम्ही मिळून तिच्या मूळ गावी गेलो. कोतवाल बुकात पणजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली, जातीच्या उल्लेखासह. काही महिन्यांनी व्हॅलिडिटी हाती आली. तिने पुन्हा सी.ई.टी. दिली आणि या वेळी प्रवेश मिळाला. एक वर्ष मात्र गेले ते गेलेच. आता ती संध्याकाळी विहारात बसून उद्याच्या पाठासाठी तक्ते रंगवते, आणि वस्तीतली चिल्लीपिल्ली भोवती कोंडाळे करतात. तिची आई आता कामावरून येताना वाट वाकडी करून विहारात डोकावते. परवा आम्हाला म्हणाली, "भाऊ, धाकटीचे कागद आत्तापासून काढायला घेतलेत."

धाकटी अजून दहावीला आहे. तयारीची खरी वेळ हीच!

जयभीम!